रिकाम्या वाटीतली साखर

पौडच्या बाजारातले किराणावाले बाबालाल यांना बोलायचं जिवावर येई. अठ्ठ्याऐंशी साली त्यांच्या मुनीरानं विचारलं, "अब्बा, पिरंगुटच्या कॉम्प्युटर कंपनीत जाऊ का?" त्यांनी तराजूची पारडी पुसली, बोलले काही नाहीत. मुनीरानं तो नकारच धरला, आणि तरीही गेली. नोकरी सहा महिने कच्ची होती. एसटीचं ती रोज तिकीट काढी. पास काढायचा धीर होईना.

कंपनीचा प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या मशीनवर आपोआप तयार व्हावा, म्हणून ती शेलमध्ये, म्हणजे मशीनला ओळीनं कामं सांगायच्या भाषेत, हुकूम लिही. सगळी मेख एका प्रश्नात होती: छपाईची सोय हवी का? 'येस' असेल तर एक वाट, नसेल तर दुसरी. तिनं ही अट दुहेरी चौकटी कंसांत घातली. ऑफिसच्या नव्या मशीनवर ती झकास चालली, पण गिऱ्हाइकाच्या जुन्या मशीनला ते कंस ठाऊकच नव्हते. मग तिनं एकेरी कंस घातला, तर नवीनच दुखणं. गिऱ्हाइकानं उत्तर कोरं सोडलं की त्या जागी मशीनला काहीच सापडेना, आणि ते तिथंच अडून बसे.

"सोमवारी जमलं नाही, तर हे काम दुसऱ्याकडं देऊ," तिचे साहेब जयसिंग म्हणाले. सहा महिने संपत आले होते; म्हणजे नोकरी गेलीच.

रविवारी शेजारच्या सारजाबाईंची वाटी परत द्यायची होती. अम्मानं ती धुतली आणि तळाशी चिमूटभर साखर टाकली.

"चिमूटभर कशाला ती?" मुनीरा वैतागून म्हणाली.

"रिकामं भांडं परत द्यायचं न्हाई, पोरी. काय तरी असावं त्यात."

मुनीरा वाटीकडं बघतच राहिली.

सोमवारी तिनं एकेरी कंसातल्या अटीत गिऱ्हाइकाचं उत्तर आणि 'येस', दोन्हींच्या आधी एकेक 'एक्स' चिकटवला. उत्तर कोरं आलं तरी 'एक्स' उरणारच होता.

"हे फालतू अक्षर काढ," जयसिंग म्हणाले. "आपल्याकडं त्याच्यावाचून चालतं."

मुनीरा म्हणाली, "आपल्याकडं चालतं, सर. त्यांच्याकडं चालायला पायजे."

त्यांनी ते अक्षर राहू दिलं. दुपारी गिऱ्हाइकाकडं उत्तर मुद्दाम कोरं ठेवलं. मशीननं ते 'येस' नाही एवढंच ओळखलं, आणि न कुरकुरता दुसरी वाट धरली.

संध्याकाळी ती दुकानात गेली. "अब्बा, मला कायम केलं."

बाबालालांनी पारडी पुसायला घेतली. नेहमीसारखंच. मुनीराला वाईट वाटलं. ती घरात जायला वळली.

"पास काढ आता," मागून आवाज आला. "सहा म्हैनं बघतोय, रोज तिकीट काढतीस. मी कवा नको म्हणलो व्हतो?"