घाट चढवणारी प्रार्थना

आमची कर्जतची ख्रिस्ती मंडळी कोमट होती. हे मी तेव्हा सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं आणि आजही सांगतो. गार असती तर निदान कुणाला हुडहुडी तरी भरली असती!

उपासना संपायची ती शिटीवर. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिन जोडतात, आणि आमच्यातले निम्मे पुरुष इंजिनशेडात कामाला. सकाळच्या गाडीची शिटी झाली की पाळकसाहेब वाक्याच्या मध्यावर असले तरी तिथेच आमेन. प्रार्थनाही त्या बेताने कातरलेली. आधी उपकार, मग सरकार, मग घाटातल्या गाड्या, मग आजारी, मग परगावी गेलेले. दर रविवारी पाळीपाळीने कुणीतरी तीच म्हणायचा. 'परगावी'ला शिटी आली की सगळ्यांचे चेहरे खुलायचे, जणू देवाने स्वतःच हिरवा बावटा दाखवला.

मी मुंबईला छापखान्यात दोन वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले होते. तिथे छापायला येणारी पत्रकं वाचून वाचून एक विद्या अंगी आली होती. चीड आली की लगेच तिची कलमं पाडायची! कर्जतला मंडळीच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो आणि वर्ष सरता सरता पत्रक तयार केलं. मथळा, 'झोपलेल्यांनो, उठा!' कलम पहिले, उपासनेतील डुलक्या. कलम दुसरे, उशिरा येणे. कलम तिसरे आणि सर्वांत जहाल, पाठ केलेली प्रार्थना. आधी ते आमच्या उपासनेत वाचायचं, मग चौक-खालापूरपर्यंतच्या ख्रिस्ती घरांत वाटायचं, असा माझा बेत. वाचू दिलं नाही तर शाळा सोडून मुंबईला परत जाईन, असंही मी जाहीर करून बसलो होतो.

मंडळीच्या पंचांतले वडीलधारे म्हणजे एक इंजिनड्रायव्हर. त्यांनी पत्रक दोन बोटांच्या चिमटीत धरून वाचलं, इंजिनाची तापलेली कळ धरावी तसं.

"मास्तर, हे पयलं कलम कुणावर रं?"

"ज्याला लागेल त्याच्यावर."

"म्हंजे मावशीवर. दुसरं कोण घोरतंय?"

मावशी म्हणजे मंडळीतली साठीची विधवा. आठवडाभर कशेळ्याच्या बाजूच्या डोंगरवाड्यांवर शुभवर्तमान सांगत फिरायची, आणि रविवारी पहिल्या गाण्यालाच भिंतीला डोकं टेकायची.

"असं कर," ड्रायव्हर म्हणाले, "येत्या शनिवारी मावशीसंगं वाडीवर जा. रविवारी मंडळीम्होरं उभा राहून काय झालं त्ये सांग. लपवायचं नाय. मग वाच तुझं पत्रक. तू किती ऊन हाय, आमाला बी कळू दे."

एवढंच? मी तर आनंदाने उडीच मारली. पिशवीत तीस पत्रकं घातली.

कशेळ्यापर्यंत बैलगाडी मिळाली, पुढे डोंगराची पायवाट. मावशी पुढे, मी धापा टाकत मागे. भातकापणीचे दिवस होते, वाडीत माणसं थोडी. ज्या खोपीत मावशी शिरली तिथे एक तरुण सून हिवतापाने फणफणलेली, अंगावर घरातली होती नव्हती तेवढी लुगडी. उशाशी सासू. मावशीने कनवटीच्या पुरचुंडीतून क्विनीनची गोळी काढली, पाण्याबरोबर तिला गिळायला लावली आणि तिचे पाय दाबत बसली.

सासूने माझ्याकडे पाहिलं. "ह्यो कोन?"

"आमचा मास्तर. प्रार्थना चांगली करतो," मावशी म्हणाली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी डोळे मिटले, हात जोडले, छाती भरून घेतली. खोप, ताप, सासू सगळं मागे पडलं आणि प्रार्थना अशी धो धो सुरू झाली की मलाच माझं कौतुक वाटलं. उपकार झाले. सरकार झालं. "आणि हे प्रभो, घाट चढणाऱ्या गाड्यांस तू सांभाळ. मागचे इंजिन बळकट राहो, ब्रेक घट्ट लागोत, चाके न घसरोत..."

"थांब रं बाबा!"

मी डोळे उघडले.

"माझी सून हितं जळतीया," सासू म्हणाली, "आन् तू आगगाडी ढकलतोस व्हय?"

तापातली सूनसुद्धा लुगड्यांखालून फिस्सकन हसली. मावशीने मान खाली घातली, पण तिचे खांदे हलत होते.

कलम तिसरे! माझंच कलम, माझ्याच हस्ताक्षरात, पिशवीत तीस प्रतींत.

"पुन्हा करतो," मी म्हणालो. डोळे मिटले. काही येईना. पाठ असलेलं सोडलं तर आत काहीच नव्हतं. हे मला त्या खोपीत पहिल्यांदा कळलं आणि मी घाबरलो. मंडळीला झोपलेली म्हणणारा मी शेवटचं देवाशी कधी बोललो होतो? आठवेना. एक कोंबडी आत आली, माझ्या पायाशी टोचून बाहेर गेली.

"देवा," शेवटी मी म्हणालो, "मला काही येत नाही. हिला बरं कर. आणि माझ्याशी बोल."

"हां," सासू म्हणाली, "ह्ये कळलं."

परतताना मी मावशीवर उखडलो. "तुम्ही का नाही केलीत प्रार्थना?"

"तुझ्या पत्रकात लिवलंय ना, उठा म्हणून? उठवलं तुला."

"आणि उपासनेत झोपता कशाला?"

"सहा दिस चालते रं. सातव्याला देवाच्या घरात टेकायला मिळतं. तो काय बोलत नाय मला."

रविवारी उभा राहिलो. अट म्हणजे अट. सगळं सांगितलं, ब्रेक आणि चाकांसकट. इंजिनशेडातली माणसं पोट धरून हसली. ड्रायव्हर तर डोळे पुसत म्हणाले, "मास्तर, आमच्या इंजिनाचं तुमी लई मनावर घेतलंसा!" मी लाल झालो. हसू ओसरल्यावर त्यांनीच विचारलं, "त्या पोरीचं पुढं काय? ताप उतरला?"

मला ठाऊक नव्हतं. तिचं नावही मी विचारलं नव्हतं. नाव मावशीला ठाऊक होतं. तिला हलवून उठवावं लागलं. मग ड्रायव्हर उठले आणि त्या नावासाठी प्रार्थना करू लागले, अडखळत, शब्द शोधत. उपकार, सरकार, घाट, सगळं राहिलं. मधेच शिटी झाली. ते थांबले, आणि मग टोपी उचलून चालता चालता बोलतच राहिले. त्यांचं आमेन आम्हाला फाटकाबाहेरून ऐकू आलं.

पत्रक वाचायचं राहिलं. पुढच्या शनिवारी वाडीवर आम्ही पाच जण गेलो. सून दारात भात पाखडत होती. मला पाहून तिने सासूला हाक मारली, "आत्या, आगगाडी आली गं!"

मी मुंबईला गेलो नाही. पण कलम दुसरे मी मागे घेतलेलं नाही. अजूनही लोक उशिरा येतात, आणि ते मला अजिबात खपत नाही.