पायाळू मुंजाबा

कन्नडचा मुंजाबा जन्माला आला तोच पायाकडून. अशा पायाळू माणसाची लाथ बसली की कमरेतली उसण जाते म्हणतात. वीस वर्षं तो संभाजीनगरच्या लॉजांवर मालिश करत हिंडतोय.

स्टेशनजवळच्या लॉजवर मला उसण भरली, म्हणून त्याला बोलावलं. मॅनेजर जिन्यातच आडवा आला. "खोलीत बाहेरचा माणूस चालत नाय!"

"मग नाय जात खोलीत," म्हणत मुंजाबा वर आला तो थेट उंबऱ्याबाहेर बसला. मला आतल्या बाजूला पाठमोरं बसवून त्यानं तेल चोळलं, शेवटी हलकीच लाथ घातली. मॅनेजर पहाऱ्याला उभाच.

"झालं का रे?"

"सायबाचं झालं. तुमी मघापासून कंबर धरून उभे हाय. वळा तिकडं."

मॅनेजर भिंतीला हात टेकून वळला.