अडीच हजारांच्या आत

उद्यमनगरात आमचा ट्रकच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता आणि हिशेब माझ्या गळ्यात. त्यात सरकारनं नियम काढला. धंद्यात कुणाला एका वेळी अडीच हजारांच्या वर रोख दिले, तर तो खर्च धरायचा नाही, उलट त्यावर कर भरायचा. द्यायचेच तर दोन रेघांचा, खात्यातच जमा होणारा चेक द्या! अहो, पण घेणारा नको का?

आम्हाला लाकूड द्यायचे मलकापूरचे एक चाचा. त्यांचं बँकेत खातं नव्हतं आणि काढायची इच्छाही नव्हती. चेक पुढं केला की म्हणायचे, "वैनी, ह्यो कागद घिऊन मी काय करू? मी लाकूड दिलंय की!" वखारवाल्यांची रीतच होती, गाडी उतरली की सगळे पैसे एकदम, रोख.

करसल्लागार म्हणाले, "सोपं आहे. दोन-दोन हजार वेगवेगळ्या दिवशी द्या. नियमात बसतं." झालं! चाचा दोन दिवसाआड एसटीनं हेलपाटे घालणार आणि मी पावत्यांवर सह्या घेणार. असं का, ते मी परत परत सांगितलं, पण चाचा नुसते मान हलवायचे.

पण एकरकमी देणारा तुकड्यातुकड्यानं द्यायला लागला, की बाजार एकच अर्थ काढतो, हा बुडाला. बघता बघता रंगवाला आपली उधारी वसूल करायला दारात उभा! लोखंडवाला म्हणतो, आधी पैसे, मग माल. बॉड्या अर्धवट राहिल्या, कामगार कुजबुजायला लागले. आमचे हे माझ्यावरच ओरडले, "तुझ्या नियमापायी पत गेली!" माझा नियम? मी काय दिल्लीत बसत होते?

तशात चाचा शेवटचे पैसे न्यायला आले. मी पेटी उघडते तोवर त्यांनीच एक गाठोडं टेबलावर ठेवलं. आतापर्यंत नेलेले पैसे होते त्यात.

"ठिवा, वैनी. आदी लोखंडवाल्याचं तोंड बंद करा. माझं मागनं बघू. उद्या दुसरी गाडी धाडतोय."

"चाचा, आम्ही बुडालो नाही हो! नियम आहे तो, नियम!"

"व्हय, व्हय," ते हळूच म्हणाले. "सगळी आसंच म्हणत्यात. लाजायचं न्हाय."

असा संताप आला, आणि डोळ्यांतलं पाणी काही थांबेना.

दुसऱ्या दिवशी लाकडानं भरलेली गाडी भर रस्त्यात आमच्या दारात उतरली. चाचांनी उधारीवर माल टाकला हे गल्लीनं बघितलं आणि संध्याकाळी लोखंडवाला आपणहून माल घेऊन आला.

चाचांना शेवटपर्यंत वाटायचं, आपण यांना बुडताना वाचवलं. मीही मग नियम समजावायचं सोडून दिलं. वाचवलं होतंच की.