पेटीत नसलेलं शेवटचं गाणं

माझं डोकंच फिरलं होतं. त्या विलायती रॉक बँडच्या अल्बमला पन्नास वर्षं झाली म्हणून नवी पेटी निघाली. तीन सीडी, जाडजूड पुस्तक, आणि वर दावा असा की त्या वेळी गाळलेलंसुद्धा सगळं यात आहे. सगळं म्हणे. मी दोनदा ऐकली, शेवटचं गाणंच नाही.

ते गाणं म्हणजे खालून दगडी घरघर आणि वरून एक बाई नुसती गुणगुणते. शब्द एकही नाही. मधेच ती चांगली दहा-पंधरा सेकंद थांबते, घरघर चालूच राहते, मग ती पुन्हा धरते. का थांबते, यावर आम्ही कॉलेजच्या हॉस्टेलात तासन् तास भांडलोय. तो बँड गाण्यात कसलेही आवाज घालायचा, त्यामुळं हे त्यांचंच का, अशी शंका कुणालाच आली नाही.

"इंग्लंडला पत्र लिहा," बायको म्हणाली. "नानासाहेब रागावलेत म्हणावं." मंजुषाला थट्टा सुचत होती, मला चैन पडत नव्हतं. माझी कॅसेट चिकलठाण्याच्या धम्मपालभाऊंनी भरून दिलेली. म्हटलं, त्यांनाच गाठावं.

भाऊ मूळचे चितेगावचे. ते कामाला होते तो कारखाना बंद पडला तसे ते घराच्या पुढच्या खोलीत दोन डेक मांडून कॅसेटी भरून द्यायला लागले. जयंतीच्या महिन्यात भीमगीतांसाठी रांग लागायची. आम्हा पोरांसाठी ते कुण्या इंजिनिअरकडून विलायती रेकॉर्डी मागून आणायचे. त्यातलं एक अक्षर त्यांना कळायचं नाही, पण सुई टेकवताना श्वास धरायचे. लई जीव लावून काम करणारा माणूस. आता त्याच खोलीत मोबाइलची कव्हरं विकतात.

मी तक्रार सांगितली, अगदी घरघरीसकट. भाऊ फडक्यानं काच पुसत होते, ते थांबले.

"कॅसेट हाय का अजून?"

"असेल माळ्यावर. पण ते गाणं कुठल्या रेकॉर्डीवरचं, ते सांगा."

"रेकॉर्डीवरचं नाय, नाना. घरातलं हाय." ते स्टुलावर बसले. "रेकॉर्ड संपली तरी कॅसेट उरायची. कोरी सोडली की गिऱ्हाईक भांडायचं, एवढी वाया का घालवली म्हणून. मग मी कायबी भरायचो. त्या दिवशी आत आई जात्यावर डाळ भरडत होती. माईक उंबऱ्यात ठेवून दिला."

मी गारच पडलो. इतकी वर्षं ज्या बाईला मी लंडनची समजत होतो, त्या भाऊंच्या आई, गीताबाई निघाल्या. त्यांच्या हातचं पाणी मी कितीदा प्यालोय.

"दुनियेची गाणी भरली," भाऊ म्हणाले, "आईचा आवाज ठेवायचं सुचलं नाय. फोटो हाय एक. आवाज आठवायला जातो, तर येतच नाय." त्यांचे डोळे भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळा उपसला. कॅसेट सापडली, पण फीत गुंतलेली, आणि नेमकी शेवटाकडं तुटलेली. स्वतःचाच राग आला. तशीच घेऊन गेलो. भाऊंनी अडगळीतला डेक काढून नवा पट्टा घातला, पेन्सिलीनं फीत हळूहळू गुंडाळली, तुटलेली टोकं चिकटवली.

"नाही वाजली तर?"

"नाय तर नाय," ते म्हणाले, आणि बटण दाबलं.

वाजली. इंग्रजी गाणं संपलं, थोडी खरखर झाली, मग जातं फिरायला लागलं आणि त्यावर ती गुणगुण आली. भाऊ जागचे हलले नाहीत. मग गुणगुण थांबली. नुसती घरघर.

"इथं का थांबल्या?" मी हळूच विचारलं.

"तिला माईक दिसला. मानेनंच विचारलं, हे काय म्हणून. आवाज भरला जाईल म्हणून मी बोललो नाय. हातानंच सांगितलं, चालू दे."

सांगता सांगता त्यांचा हात डेककडं वर झाला, तसाच हलला. आणि गीताबाई पुन्हा गुणगुणायला लागल्या.