परिपाठाची पहिली ओळ

मला दुसऱ्याचं भलं करायची खोड आहे. विचारून नव्हे, परस्पर. घरचे याला माझा चांगुलपणा म्हणतात, मीही बरीच वर्षं तेच म्हणत आले. आता म्हणत नाही.

लोहा तालुक्यातल्या एका गावात आमची पहिली ते चौथीची शाळा आहे. दोन खोल्या, व्हरांडा, समोर पटांगण आणि पटांगणाच्या कडेला खिचडीचं पत्र्याचं शेड. शिक्षक दोघेच, हेडसर आणि मी. मी मूळची जळकोटकडची. माझे वडील गावच्या भजनात पेटी वाजवायचे आणि मी त्यांच्या शेजारी बसून ऐकायचे, एवढंच माझं संगीताचं शिक्षण. पण वासरात लंगडी गाय शहाणी, तशी मी आमच्या दहा-बारा शाळांच्या केंद्रातली गाण्याची म्याडम झाले. वडिलांच्या मागे त्यांची पेटी भावाच्या घरी धूळ खात पडली होती. ती मी एसटीत मांडीवर घेऊन आणली आणि शाळेत ठेवली.

आमची लेकरं गात नव्हती, ओरडत होती. हेडसरांना तेच आवडायचं. "आवाज कसा, शिवारात गेला पाहिजे म्याडम," असं ते म्हणायचे. मी पहिला महिनाभर मुलांना तोंडच उघडू दिलं नाही. पेटीवर एक सूर धरायचा आणि डोळे मिटून तो नुसता ऐकायचा. गावातल्या एका म्हाताऱ्यांनी हेडसरांना येऊन विचारलं, नवीन म्याडम लेकरांना साळंत झोपवून राहिल्यात का? हेडसर पोट धरून हसले. मला मात्र राग आला होता, आणि राग आला की मी आणखी हट्टाने शिकवते.

त्या महिन्यातच ती मुलगी माझ्या लक्षात आली. तेव्हा तिसरीत होती. सगळे डोळे मिटून कंटाळायचे, एकमेकांना चिमटे काढायचे. ही मात्र ओठ मिटून, माझ्या सुराला सूर लावून बसलेली असायची. मी पट्टी बदलली की तीही बदलायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिची आई आमच्याच शाळेत खिचडी शिजवते. मुलं त्यांना मावशी म्हणतात, मी ताई म्हणते. मी ताईंना एकदा सांगितलं, "तुमच्या पोरीच्या गळ्यात सूर आहे." ताई तांदूळ निवडत होत्या. "घरी बी दिवसभर गुणगुण करती, म्याडम. डोकं उठवती," असं त्या म्हणाल्या, आणि तांदळाकडे बघून हसल्या.

शाळेची प्रार्थना मीच चार ओळी जुळवून तयार केली. चाल वडिलांच्या भजनाच्या वळणाची होती. पहिली ओळ त्या मुलीने एकटीने म्हणायची आणि दुसरीपासून सगळ्यांनी उचलायची, अशी पद्धत बसवली. साडेनऊच्या सुमाराला परिपाठ सुरू व्हायचा. ती रांगेतून पुढे यायची, फ्रॉकला हात पुसायची आणि म्हणायची. पुढे ती चौथीत गेली तेव्हा मला मतदार यादीचं काम लागलं. आठवड्यातले दोन-तीन दिवस मी दारोदार फिरत असायची आणि मागे पेटी बंद. हेडसर म्हणाले, "तुम्ही नसल्या की लेकरं पुन्हा बोंबलून राहिलेत." मग मी मोबाईलवर प्रार्थना रेकॉर्ड केली आणि पेनड्राइव्हमध्ये टाकून दिली. गावाने शाळेला एक मोठा स्पीकर दिला होता. चौथीची मुलं सकाळी तो व्हरांड्यात ओढत आणायची आणि लावायची. पहिल्या ओळीत ती मुलगी एकटी, मागे माझी पेटी, कुठेतरी शेळी ओरडलेली. मला त्याचा इतका अभिमान वाटायचा की केंद्रप्रमुख आले तेव्हा मी ते दोनदा वाजवलं.

दिवाळीच्या सुट्टीत ती गेली. ताप आला, दोन दिवस गावातच औषध झालं, मग नांदेडला नेलं. चौथ्या दिवशी सकाळी हेडसरांचा फोन आला. मी तेव्हा माहेरी चकल्या तळत होते. गॅस बंद केला. भेटायला गेले तेव्हा ताईंच्या घरात बायकांची गर्दी होती. ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी हात धरला, त्यांनी धरू दिला.

शाळा उघडली त्या दिवशी ताई कामावर नव्हत्या, त्यांच्या जागी त्यांची जाऊ आली होती. मुलं रांगेत उभी राहिली. चौथीच्या दोघांनी रोजच्या सवयीने स्पीकर आणून लावला. मी मस्टरवर सही करत होते. आणि पटांगणात तिचा आवाज आला.

तो क्षण मी अजून विसरलेली नाही. आवाज नेहमीसारखाच होता, स्वच्छ, जरासा घाईतला. पहिलीची दोन लेकरं मागे वळून तिला शोधायला लागली. रांगेत तिच्या जागी कुणी उभं राहिलं नव्हतं, तिथे एका माणसाची फट होती. दुसरी ओळ आली तेव्हा एकाही मुलाने ती उचलली नाही. मी धावत जाऊन पिन ओढली. हेडसर चष्मा काढून पुसत होते.

ताई चार-आठ दिवसांत कामावर येणार होत्या. शेड व्हरांड्यापासून वीस पावलांवर आहे. मी नसताना कुणी पुन्हा लावलं तर? भाताला आधण ठेवता ठेवता आईने हे ऐकायचं? मी त्याच दुपारी पेनड्राइव्हमधून प्रार्थना पुसली. मग मोबाईलमधूनही काढली. कायमचं काढायचं का, असं फोनने पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं. हेडसर म्हणाले, "चांगलं केलंत म्याडम." मलाही तसंच वाटलं. पण खरं सांगायचं तर मोबाईलमधलं मी ताईंसाठी काढलंच नव्हतं. एखादा फॉर्म शोधताना बोट चुकून त्यावर पडेल आणि ती माझ्या स्वयंपाकघरात गायला लागेल, या भीतीने काढलं होतं.

ताई आल्या. पहिले काही दिवस गप्प गप्प काम करत राहिल्या. परिपाठाच्या वेळी मात्र हातातलं काम टाकून शेडच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या. मी समजले, लेकीच्या वयाची मुलं बघत असतील. मी पेटीवर बसायची, मुलं एकदमच सगळी प्रार्थना म्हणायची, ताई आत जायच्या. एक दिवस त्यांनी मला थांबवलं.

"म्याडम, ते सपीकरातलं लावीत न्हाईत का आता?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं मी म्हणाले, "स्पीकर बिघडलाय ताई."

"हाव का," त्या म्हणाल्या. "दुरुस्त होईल की."

त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्याला धीर म्हणता येईल. एवढ्याशा गोष्टीने त्यांना धीर आला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "होईल, होईल."

मग त्या रोज विचारायला लागल्या. तगादा नव्हता त्यात. ताटं धुताना, पाण्याचा हंडा उतरवताना, सहज विचारल्यासारखं. "झाला का म्याडम?" मी कधी म्हणायची मिस्त्री यायचाय, कधी म्हणायची पार्ट मिळेना. हेडसर ऐकायचे आणि वर्गात निघून जायचे. एका रविवारी मी मोबाईल घेऊन नांदेडला गेले. पुसलेलं परत आणून देतात असं कुणीतरी सांगितलं होतं. दुकानदाराने तीन तास फोन ठेवून घेतला. परत आलं ते सगळं मतदारांच्या याद्या आणि खिचडीच्या ताटांचे फोटो. रोज ताटांचा फोटो वर पाठवावा लागतो, त्यामुळे ताटं शेकड्यांनी होती. काही फोटोंत ताईंचे हात होते. आवाज नव्हता. केंद्रप्रमुखांना मी फोन करून विचारलं, तुम्ही त्या दिवशी रेकॉर्डिंग घेतलं होतं का? ते म्हणाले, छान होतं ते, मला पाठवा की.

येताना एसटीत मी ती ओळ मनात आणायचा प्रयत्न केला. चाल यायची, शब्द यायचे, आवाज येईना. ज्या पोरीला मी दीड वर्ष शिकवलं तिचा आवाज माझ्या कानात उरला नव्हता, आणि मी मात्र गाण्याची म्याडम म्हणून तालुक्यात मिरवत होते. मला त्या दिवशी स्वतःची चीड आली.

शेवटी ताईंनीच उपाय काढला. त्यांचा भाऊ लोह्याला मंडपवाल्याकडे स्पीकर जोडायचं काम करतो. एका शनिवारी सकाळी त्या त्याला घेऊनच आल्या. मी काही सांगायच्या आत त्याने व्हरांड्यात बसून मागचे स्क्रू काढले, तारा बघितल्या, पुन्हा बसवलं, पिन लावली. लाल दिवा लागला.

"ह्यात तर काहीच खराबी न्हाई म्याडम," तो म्हणाला. "पेनड्राइव्ह द्या."

ताई शेडमधून येऊन खांबाजवळ उभ्या होत्या. त्यांनी पदराने हात कोरडे केले आणि पदर डोक्यावरून नीट घेतला, कुणी पाहुणं यावं तसा. मी भावाला म्हणाले, जरा बाहेर थांबता का? तो उठला. मग मी ताईंना सांगितलं. स्पीकर कधीच बिघडला नव्हता. मी पुसून टाकलंय, दोन्हीकडून. तुम्हाला त्रास होईल असं मला वाटलं.

मला वाटलं त्या रडतील, नाहीतर शिव्या देतील. मी दोन्हीची तयारी केली होती. त्या स्पीकरच्या लाल दिव्याकडे बघत होत्या.

"दहाव्याला समदे म्हनले, लेकराची वस्तू घरात ठेवू न्हाई," त्या म्हणाल्या. "दप्तर, कपडे, चपला, समदं नदीला सोडलं. सासू म्हनली, रिबिनी बी सोड. सोडल्या. फोटो एक आधारचा, त्यात ती वळखू बी येत न्हाई. मी एका शब्दानं न्हाई म्हनले न्हाई, म्याडम. म्हनलं, न्या. आवाज हाय की साळंत."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी दंडाला धरून उभं केलं, कारण मुलं रांगा लावत होती.

"तिला तुम्हीच शिकवलं न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग ती कशी म्हनायची ते म्हनून दाखवा."

मी पेटी घेतली. तिची पट्टी धरली, तिच्यासारखी थोडी घाई केली, ओळीच्या शेवटी ती श्वास घ्यायची तिथेच श्वास घेतला. एवढं मन लावून मी आयुष्यात कधी गायले नसेन. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. ओळ संपली, मुलांनी दुसरी उचलली, सगळी प्रार्थना झाली. ताईंनी डोळे उघडले.

"चांगलं म्हनलाव म्याडम," त्या म्हणाल्या. "पर ही ती न्हाई."

आणि त्या शेडमध्ये तांदूळ धुवायला गेल्या. त्यानंतर परिपाठाच्या वेळी त्या कधीच दाराशी आल्या नाहीत. मी पहिली ओळ सुरू केली की शेडमध्ये भांड्यांचा आवाज मोठा होतो, आणि प्रार्थना संपेपर्यंत तसाच राहतो.