अल्बाचे बूट आणि एलिओचा अहवाल

नीवेसबाईंना काही टाकून दे म्हणणं म्हणजे मांजराला पोह म्हणण्यासारखं. इटलीतल्या ब्रेंता नदीकाठच्या त्या बुटांच्या कारखान्यात कॉम्प्युटरची खोली त्यांच्या ताब्यात होती, आणि मशीनची डिस्क कायम तुडुंब. जुने मालक गेल्यावर त्यांचा मुलगा एलिओ खुर्चीवर बसला आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "वापरत नाही ते उडवा की, नीवेसबाई!"

"उडवायला काय लागतं? परत कोण आणणार, तू?" बाईंनी त्याला शेंबडा असल्यापासून पाहिलेला, त्या कसल्या घाबरतात!

त्यांनी उडवलं नाही, आवळलं. मशीनला तशी आज्ञा देता येत असे. क्वचित लागणारा प्रोग्राम दाबून लहान करून ठेवायचा, हाक मारली की तो आपोआप उलगडतो, फक्त वेळ घेतो. पण आवळण्याआधी बाई टेबलाटेबलाशी जाऊन विचारून आल्या, "हे शेवटचं कधी लागलं होतं रे?" एवढी तसदी कोण घेतं हो? त्यात विषम पायांचा प्रोग्रामही आवळला गेला. दोन पायांची दोन मापं असणाऱ्या गावकऱ्यांसाठी जुन्या मालकांनी तो हौसेने लिहून घेतला होता. वर्षाकाठी जेमतेम दोनतीनदा लागायचा.

मे महिन्यात, गुरुवारी सकाळी, चामडं कापणारा तुल्लिओ दारात आला. त्याच्या मुलीचा, अल्बाचा, डावा पाय आखूड. रविवारी तिचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा सोहळा, आणि जुने बूट काही पायात जाईनात.

"जोडीजोडीने चालायचंय चर्चमध्ये," तो म्हणाला. "पोर म्हणते, बाबा, मला सगळ्यांच्या मागे ठेवा, म्हणजे कुणी बघणार नाही."

बाई खुर्ची ओढून मशीनपुढे बसल्या. त्यांनी प्रोग्रामला हाक मारली. मशीन विचारात पडलं. सगळ्या पडद्यांवरचं काम ठप्प झालं, खाली माल भरणारे ओरडायला लागले. एलिओ धावत आला तो थेट मुख्य बटणाकडेच.

"हात लावशील तर बघ!" बाई मशीनला पाठ लावून उभ्या राहिल्या. "मधेच बंद केलंस तर ना धड आवळलेलं, ना धड उलगडलेलं. कॉफी पी जा!"

इतक्यात पडद्यावर निरोप आला: जागा पुरत नाही. तुल्लिओचा चेहरा पडला.

"बसा आता," एलिओ म्हणाला. "आता काय आवळणार?"

"तुझा विक्रीचा अहवाल. भलामोठा आहे."

"वा! रोज बघतो मी तो."

"मशीन म्हणतंय, फेब्रुवारीपासून उघडलेला नाहीस."

दारापाशी जमलेले सगळे खो-खो हसले. एलिओ कानापर्यंत लाल झाला. मग तुल्लिओकडे बघून म्हणाला, "आवळा बाई, आवळा."

बाईंनी अहवाल आवळला, पुन्हा हाक मारली, आणि सगळ्यांनी निमूट कॉफी घेतली. कपबशा धुऊन झाल्या तरी मशीन घुरघुरतच होतं. शेवटी पडद्यावर मापांची रांग उमटली. डाव्या तळव्याची जाडी, टाचेचा उतार, सगळं. बाईंनी तुल्लिओने आणलेली अल्बाची नवी मापं भरली आणि कागद छापला. तुल्लिओ तो कागद घेऊन तडक कापायच्या टेबलाकडे निघून गेला. ते चामडं त्याने दुसऱ्या कुणाला कापू दिलं नाही.

रविवारी एलिओ चर्चमध्ये बाईंच्या शेजारीच उभा होता. पोरं पांढऱ्या कपड्यांत आत आली. तो मागच्या पोरांत अल्बाला शोधत होता. बाईंनी त्याला कोपरखळी मारली. अल्बा पहिल्या जोडीत होती, मान वर करून, पायांकडे न बघता चालत होती.

एलिओने रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि तो कुजबुजला, "तो अहवाल राहू द्या आवळलेलाच."