कणकेचा गोळा आणि समोरची खुर्ची

सकाळपासून आशाबाईनं तीनदा इचारलं होतं, "अवो, कणीक घेतली का?" अन् तिन्ही बार सांडूनं एकच जबाब दिला होता, "घेतली म्हणलं नं!"

घेतली होती, हे खरंच. फर्दापूरच्या स्टँडवर येष्टीची वाट बघता बघता त्यानंच ती डब्यातून काढून एका गायीला चारली, हेबी खरं. पण हे आशाबाईला कळलं ते संध्याकाळी साडेसातला, शहरात, क्रांती चौकाजवळच्या एका क्लबात, अगदी पुढच्या खुर्चीवर मांडी घालून बसल्यावर.

ती खुर्ची म्हणजे साधी गोष्ट नव्हती. सांडू पस्तीस वर्षांपासून गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापल्याबिगर तो घुमत नाय, पत्र्याच्या डब्यावानी वाजतो. सप्ताह असो का काला, आशाबाई आपली देवळामागं, बायांच्या घोळक्यात, परातीपुढं. भजन सुरू व्हायच्या आधी सांडूचा हात दारातून आत यायचा. "कणीक." ती गोळा तोडून त्या हातावर ठेवायची. हात गायब. मग भोंग्यातून पखवाज यायचा, पण तो भांड्यांच्या आदळआपटीत अन् 'मीठ कुठं ठिवलं गं'च्या गलक्यात, तुकड्या-तुकड्यानं. समोर बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अभंगबी तिनं ऐकला नव्हता. वाजवताना नवऱ्याचं तोंड कसं होतं, हेबी तिला ठाऊक नव्हतं.

पुतण्या सत्यम शहरात, छावणी भागात खोली करून राहतो. दिवसा नोकरी, संध्याकाळी गिटार. त्याच्या बँडनं गावाकडली एक गवळण बसवली अन् तिच्यात पखवाज पाहिजे म्हणून चुलत्याला बोलावलं. आशाबाईनं तवाच सांगून टाकलं होतं, "मीबी येणार. अन् तिथं मला कुणी चुलीपाशी बोलावलं, तर उलट्या पावली येष्टीत बसन."

क्लब म्हणजे एका दुकानाच्या माडीवरची खोली. भिंती काळ्या, उजेड उदबत्तीइतका, अन् गारवा असा की आशाबाईनं पदर दोन्ही कानांवरून घेतला. पहिल्या बँडात दोन पोरं. एक जण माईकला तोंड लावून कुजबुजत होता. एवढा दांडगा भोंगा लावून कुजबुजायचं कामून, ते तिला उमगंना. दुसऱ्या बँडात एक जण डोळे मिटून एकाच ओळीभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत होता. आशाबाई जांभई दाबून बसली. आपला नंबर चौथा, एवढंच तिनं डोक्यात पक्कं धरलं होतं.

तिसरा बँड सुरू झाला अन् सत्यम वाकून-वाकून तिच्या खुर्चीपाशी आला. तोंड उतरलेलं.

"काकू, जरा मागं येता का?"

"कामून?"

"पखवाजाचा जरा घोळ झालाय."

"घोळ तुज्या काकाला सांग. मी गाणं ऐकायला आलेय."

तेवढ्यात सांडूच आला. पखवाज काखेत, डाव्या तोंडावर पांढरं फट् काहीतरी फुगून बसलेलं. आशाबाईनं बोट लावलं. बोट आत गेलं अन् ते फुसकन बसलं.

"हे काय हाय?"

"कणीक," सांडू म्हणला.

"ही कणीक? अन् मी दिलेली?"

सांडूनं खाली बघितलं. "येष्टीला टाइम होता. गाय आली. म्हणलं, तीन तासात आंबूनच जाईन, तिच्या तरी पोटात जाऊ दे. हाटिलात कणीक काय, कुठंबी भेटती."

"मग भेटली का?"

भेटला होता तो पिझ्झ्याचा गोळा. क्लबाच्या खानसाम्यानं साडेपाचाला मोठ्या मनानं काढून दिला होता. त्यात खमीर. सांडूनं तो थापला, मागं भट्टीच्या धगीत गोळा दोन तास फुगत बसला. आता पखवाजावर थाप मारली की 'बद्द' असा आवाज यायचा, ओल्या पोत्यावर काठी हाणल्यावानी.

खानसामाबी पाठोपाठ आला होता. त्यानं हात जोडले. "चाची, मैदाच है. आटा नै. हमारे इधर रोटी कोन खाता?"

"पस्तीस वरीस," आशाबाई म्हणली. "पस्तीस वरीस मी गोळा दिला, यानला एक दिस सांभाळता आला नाय."

"अगं, गायीला दिला, उकिरड्यावर नाय टाकला," सांडू पुटपुटला.

"गप बसा!"

हे ती एवढ्या जोरात म्हणली की तिसऱ्या बँडची बासरी मधीच अडखळली.

सत्यमनं मोबाइलवर पीठ मागवलं. दहा मिनिटांत येणार होतं, वीस मिनिटांनी आलं. किलोचं पाकीट नव्हतं म्हणून पाच किलोची थैली. तोवर चौथ्या बँडचं नाव पुकारून झालं होतं. स्वराली, म्हणजे त्यांची गाणारी पोरगी, माईकपुढं उभी राहून लोकांशी हवापाण्याच्या गप्पा मारत वेळ काढत होती.

क्लबाचा मॅनेजर मिहिर लगबगीनं आला. "काकू, या, किचन इकडे आहे."

आशाबाईनं मागच्या दाराकडं बघितलं. जाड, गादी लावलेलं दार. एकदा ते मागं लागलं की इकडचं अक्षर तिकडं जाणार नाय. पीठ मळलं की दारातून हात आत यायचा, 'कणीक' म्हणायचा अन् जायचा; हात धुऊन येईस्तोवर गाणं निम्मं सरायचं.

"पाणी इथं आणा," ती म्हणली. "अन् एक खोलगट भांडं."

"इथे? अहो, इथे पाहुणे बसलेत."

"मीबी पाव्हणीच हाये."

मिहिरनं सत्यमकडं बघितलं, सत्यमनं छताकडं. शेवटी काचेचं एक मोठं भांडं आलं. आशाबाईनं ते मांडीवर घेतलं, बांगड्या वर सरकवल्या अन् त्या काळ्या खोलीत, पुढच्या खुर्चीवर पीठ मळायला बसली. मागच्या टेबलावरल्या पोरींनी मोबाइल काढले.

"फोटू काय काढता? पाणी वता थोडं," ती न वळताच म्हणली. एका पोरीनं खरंच उठून पाणी वतलं.

गोळा झाला. तिनं हात लांब केला, स्टेजवरून सांडूनं खाली वाकून घेतला. या बारीला हात दारातून नाय आला, अख्खा माणूस समोर होता. त्यानं गोळा थापला, अंगठ्यानं कडा दाबल्या, थाप मारली. घुमला. आशाबाईनं नाक मुरडलं. "जादा झाली. चिमूटभर काढा."

सांडूनं काढली. पुन्हा थाप. आता बरोबर.

गवळण सुरू झाली. मिहिर कानाशी येऊन म्हणला, "काकू, हात धुवून घ्या, बेसिन मागे आहे."

"गाणं सरल्यावर."

तिनं कणकेनं भरलेले हात गुडघ्यावर उताणे ठेवले अन् बसली. स्वरालीचा गळा बरा होता. सत्यमची गिटार मधीमधी उगाच लुडबुडत होती. सांडू वाजवताना खालचा ओठ दातात धरायचा अन् मान अशी हलवायचा की कुणी शिव्या देतंय अन् त्याला त्या पटतायत. पस्तीस वर्षं हे ध्यान गावानं बघितलं, एक बायको सोडून. बोटांवरची कणीक वाळून ताणायला लागली, तरी ती हलली नाय. टाळ्या पडल्या, तेव्हा तिला वाजवता आल्या नाय. हात तसेच उताणे.

सांडू घाम पुसत खाली आला. सगळ्यांना सोडून आधी तिच्याकडं. "कसं झालं?"

"शेवटाला घाई केली."

"ती पोरं पळाली, म्हणून मी पळालो."

"तुमी आधी पळाले. मग पोरं. मी समोर होते."

सांडू पखवाजावरची कणीक खरवडायला लागला. मंडळात आजवर ही चूक त्यानं कायम टाळकऱ्यांच्या नावावर खपवली होती.

आशाबाई हात धुऊन आली. टेबलाखालची पिठाची थैली उचलून तिनं त्याच्या मोकळ्या काखेत कोंबली.

"हे कशाला?"

"पुढल्या महिन्यात सप्ता हाय. तवर मळायला शिका. मी पुढं बसणार."